खळ्यातल्या बैठकीत गुरांचंही विचारा

2024 चा भादवा. बाहेर पावसाने धरलं होतं आणि आमची तांबू संध्याकाळपासून अडली होती. वासराचा एक पाय बाहेर आला होता, दुसरा आत दुमडलेला. शेजारचे आबा हाताला कोपरापर्यंत खोबरेल चोपडून गोठ्यात बसले. मी बॅटरी धरली, भाऊ पडवीत उभा राहून फोन लावत होता. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे आणखी दोन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार होता आणि त्या रात्री ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका अडलेल्या म्हशीपाशी होते. पहाटे तीनच्या सुमारास आबांनी पाय सरळ करून वासरू ओढलं. तांबू वाचली, पाडा गेला. तांबूने त्याला चाटून चाटून कोरडं केलं आणि तो उठेना म्हणून बराच वेळ नाकाने ढकलत राहिली.

त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. आमच्या वाडीत एका उमेदवाराची खळा बैठक, म्हणजे घरापुढच्या अंगणातली बैठक, झाली. रस्त्याचं विचारलं गेलं, नळपाण्याचं, मोबाईलच्या रेंजचं. गुरांचं कुणी विचारलं नाही. मीही गप्प बसले, कारण काय विचारायचं आणि आमदाराच्या हातात त्यातलं काय असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. नंतर मी ते शोधून काढलं. पुढच्या वेळी पहिल्यांदा मत देणाऱ्या कोकणातल्या मुलामुलींसाठी ते क्रमाने लिहिते आहे. कुणाला मत द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मुक्या जनावरांचा विचार मनात असेल तर तो मतापर्यंत न्यायचा कसा, एवढंच इथे आहे.

पहिलं काम: नाव कुठल्या यादीत आहे ते बघा

वयाची 18 वर्षं पूर्ण झाली की नमुना 6 भरायचा. पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख धरली जायची, आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल तर नमुना 8. अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर भरता येतो, किंवा वाडीतल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायचा. खेड्यात बीएलओ बहुधा शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताई असतात. शंका असेल तर 1950 ला फोन. निवडणूक जाहीर झाल्यावर फार थोडे दिवस हातात राहतात. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधी नवीन नावं घेणं थांबतं, म्हणून आचारसंहितेची वाट बघू नका.

आपल्याकडे खरा घोळ चाकरमान्यांचा असतो. घर कुडाळात, नोकरी आणि खोली डोंबिवलीत. नाव मात्र दोन्हीकडे! कायद्याने एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असू शकतं, आणि तेही जिथे तो नेहमी राहतो तिथे. गणपतीला आणि शिमग्याला घर उघडलं म्हणजे माणूस गावचा रहिवासी ठरत नाही. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही बारा महिने मुंबईत राहत असाल तर नाव तिथेच ठेवा. गावच्या गोठ्याची काळजी असेल तर ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीला उमेदवार मुंबईत येतात, तिथे तोंड उघडता येतं. गावात म्हाताऱ्या आईवडिलांना फोन करून दोन प्रश्न सांगता येतात. कोकणात मुंबईच्या फोनला किती वजन आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं: कुणाच्या हातात काय आहे

हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. खासदाराला विचारायचं ते आमदाराला विचारतात, सरपंचाचं काम आमदाराच्या गळ्यात घालतात. मग तो "वर कळवतो" म्हणतो आणि सुटतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषय वाटून दिले आहेत. पशुधनाची जपणूक, जनावरांच्या रोगांचा प्रतिबंध, पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हे राज्य सूचीत 15 व्या क्रमांकावर आहे. मासेमारी 21 व्या क्रमांकावर. म्हणजे गुरांचा दवाखाना, त्यातला डॉक्टर, लाळ्या-खुरकुताची लस गावात वेळेवर पोचणं, हे सगळं पाहण्याची जबाबदारी राज्याची. प्राण्यांवरची क्रूरता रोखणं आणि वन्य प्राणी-पक्ष्यांचं रक्षण हे समवर्ती सूचीत आहे. तिथे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो.

समवर्ती म्हणजे काय, ते बैलगाडा शर्यतीच्या उदाहरणावरून लगेच कळतं. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा केंद्राचा. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये शर्यती बंद केल्या. मग 2017 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली, आणि 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आज अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर शर्यत होते ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने आणि नियमांच्या चौकटीत. शर्यत आवडो न आवडो, यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: आमदारांनी मनावर घेतलं तर केंद्राच्या कायद्यातही राज्यापुरता बदल होतो.

आता याच कायद्यातली दुसरी बाजू बघा. जनावराला बेदम मारलं, उपाशी बांधून ठेवलं, जखमी बैलाला कामाला जुंपलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. 1960 चे ते आकडे आजही तसेच आहेत. शर्यतीच्या अटी मोडल्या तर मात्र महाराष्ट्राच्या दुरुस्तीप्रमाणे 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. शर्यतीतल्या बैलाला जे संरक्षण मिळालं ते नांगराच्या बैलाला, टेम्पोत कोंबलेल्या रेड्याला, दगड खाणाऱ्या कुत्र्याला का नाही? विधानसभेच्या उमेदवाराला विचारण्यासारखा हा अगदी रास्त प्रश्न आहे आणि "ते केंद्राचं आहे" हे उत्तर त्याला पुरत नाही.

भटक्या कुत्र्यांचं काम मुख्यतः स्थानिक संस्थेचं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस ही नगरपंचायत, नगरपरिषद, ग्रामपंचायत यांची जबाबदारी आहे. पण वेंगुर्ल्या-देवगडएवढ्या गावाला स्वतःचं शस्त्रक्रिया केंद्र उभारणं जड जातं. दोन-तीन तालुक्यांनी मिळून एक केंद्र, त्याला राज्याचा निधी आणि पूर्णवेळ पशुवैद्य, ही मागणी आमदाराकडे करायची. कुत्री उचलून घाटात सोडतो असं सांगणारा उमेदवार भेटला तर तो नियमाबाहेरचं आश्वासन देतो आहे, हे ध्यानात घ्या.

तिसरं: आपल्या तालुक्याची वही करा

सिंधुदुर्गात विधानसभेच्या 3 जागा, रत्नागिरीत 5, रायगडात 7. प्रत्येक मतदारसंघाचं दुखणं वेगळं. माझ्या कुडाळ मतदारसंघात मालवणही येतं, म्हणजे एका बाजूला माणगाव खोऱ्यातलं जंगल आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. सावंतवाडीवाल्यांकडे दोडामार्गातले हत्ती. शंभर पानी वही घ्या आणि आपल्या भागात जनावरांचं काय चाललंय ते लिहा. मी काय काय लिहिलं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल.

सगळ्यात वर डॉक्टर. पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या श्रेणी असतात. श्रेणी 1 मध्ये पशुधन विकास अधिकारी म्हणजे पदवीधर पशुवैद्य असतो. श्रेणी 2 मध्ये सहसा पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक अधिकारी असतो. तो लस टोचतो, प्राथमिक उपचार करतो, पण अडलेल्या गाईची शस्त्रक्रिया त्याचं काम नव्हे. गावात इमारत आणि पाटी आहे म्हणून लोक समजतात डॉक्टर आहे. आमदार निधीतून इमारतीला रंग लावता येतो, कुंपण घालता येतं, डॉक्टर नेमता येत नाही. पशुधन विकास अधिकाऱ्याची भरती लोकसेवा आयोगातून राज्य सरकार करतं. म्हणून रिकाम्या पदाचा प्रश्न विधानसभेतच सुटायचा.

ही माहिती मिळवायला माहितीचा अधिकार आहे. कोऱ्या कागदावर अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पत्ता जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्याचा. मजकूर एवढाच पुरतो: "तालुक्यातील सर्व पशुवैद्यकीय दवाखान्यांची श्रेणीनिहाय यादी, प्रत्येक दवाखान्यातील मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे व ती कधीपासून रिक्त आहेत याची माहिती मिळावी." 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. निवडणुकीच्या दोन महिने आधी टाका. हा एक कागद हातात असला की पुढचं सगळं सोपं जातं.

गाईबद्दल आणखी एक. 30 सप्टेंबर 2024 ला राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज 50 रुपये अनुदान जाहीर केलं. गोशाळेतल्या भाकड गाईला वैरण मिळावी हे चांगलंच आहे. पण कोकणातली बहुतेक गुरं गोठ्यात आहेत, दोन-चार डोक्यांची, आपल्या कोकण कपिलासारखी लहान चणीची, आणि त्यांना रात्री-अपरात्री येणारा डॉक्टर लागतो. उमेदवार गाईबद्दल बोलायला लागला की ऐकून घ्या, मान द्या आणि मग विचारा, गोठ्यातल्या गाईसाठी काय? शेतीला बैल नको झाला, पॉवर टिलर आला, तर पाड्यांचं काय करायचं? ते उनाड सुटतात, महामार्गावर बसतात आणि रात्री ट्रकखाली येतात. कोंडवाडे नावाला उरले आहेत. यावर नेमकी योजना कुणाकडे आहे ते शोधा.

मग फासकी. दोन वर्षांमागे शेजारच्या गावात काजूच्या कलमांच्या कडेला बिबट्या अडकला, तो मी पाहिला. मोटारसायकलच्या क्लचची वायर रानडुकरासाठी लावलेली. ती त्याच्या कमरेत गेली होती. जनावर धडपडेल तसा फास आवळतो, हे ऐकून माहीत होतं. त्या दिवशी दिसलं ते वेगळं. तो ओरडत नव्हता. भोवतीची माती त्याने नखांनी वीतभर खोल उकरली होती आणि मध्ये दम खात पडला होता. वनखात्याची माणसं आली, त्यांनी गर्दी मागे सारली, पण भुलीचं इंजेक्शन देणारा माणूस दुसरीकडून यायचा होता. तास गेले. तो वाचला, मात्र असे सगळेच वाचत नाहीत.

फासकी लावणारा दर वेळी शिकारीच असतो असं नाही. भात उभं असताना डुकरांनी एका रात्रीत लोळवलं, की माणूस वायर शोधतो. म्हणून वहीत दोन्ही लिहा: वन्यजीव कायदा 1972 चा आहे, फासकी हा गुन्हा आहे, गस्त हवी. आणि त्याच ओळीखाली, शेतकऱ्याला सौर कुंपणाचं अनुदान वेळेत मिळतं का, पंचनामा किती दिवसांनी होतो, भरपाई कधी जमा होते. जिल्ह्याला वन्यप्राण्यांसाठी पूर्णवेळ पशुवैद्य आणि सुसज्ज बचाव वाहन मागा. शेतकऱ्याचं पोट आणि बिबट्याचा जीव या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मागणारा मतदार उमेदवाराला टाळता येत नाही.

माकडांचंही तसंच. लाल तोंडाची केलडी आणि काळ्या तोंडाचे वानर, दोघांनी मिळून शहाळी आणि केळी ठेवलेली नाहीत, हे खरं आहे. या विषयावर सभेत टाळ्या घेणं फार सोपं असतं. "बंदुका द्या" म्हटलं की मंडप उसळतो. पण एक टोळी मारली की मोकळ्या जागेत दुसरी येते. हिमाचल प्रदेशात सरकारने माकडांची नसबंदी केंद्रं चालवली. तसं काही आपल्याकडे करणार का, किती पैसे आणि कोण डॉक्टर, असं विचारा. उत्तर पूर्ण नसलं तरी चालेल. विचार केलेला आहे का, ते चेहऱ्यावरून कळतं.

जत्रेच्या हंगामात कुठे कुठे कोंबड्यांच्या किंवा बैलांच्या झुंजी लागतात. शर्यतीला परवानगी आहे म्हणून झुंजीलाही आहे, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. झुंज लावणं आणि भरवणं हा 1960 च्या कायद्याने गुन्हाच आहे. झुंजीच्या बक्षिसाच्या फलकावर कुठल्या पुढाऱ्याचा फोटो आहे, ते वहीत टिपून ठेवा.

किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी समुद्राचंही लिहायला हवं. वेळास, आंजर्ले, गुहागर, तिकडे खाली वायंगणी, तांबळडेग. ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या वाळूत अंडी घालतात, आणि गावातले कासवमित्र रात्री किनारा तुडवून ती घरटी जपतात. वेळासला हे काम 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने लोकांना धरून उभं केलं. पण जाळ्यात अडकलेल्या कासवाचं काय? जाळं कापून ते सोडलं तर जाळं ओढणाऱ्या रापणकराचं नुकसान. डिसेंबर 2018 मध्ये राज्याने ठरवलं की संरक्षित प्राणी सोडवताना जाळं फाटलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. मच्छीमाराला गुन्हेगार न ठरवता त्याच्या हातून कासव वाचतं. असे निर्णय मंत्रालयात होतात, आणि आमदार मागे लागले तर पैसे वेळेवर मिळतात. तुमच्या बंदरावर विचारा, कुणाला मिळाले, किती महिन्यांनी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी पाळली जाते का आणि एलईडी दिव्यांच्या झोतात मासेमारी करणाऱ्या नौकांवर खरोखर कारवाई होते का, हेही त्याच पानावर.

वही भरली की त्यातले दोनच विषय निवडा. सगळे निवडलेत तर एकाचंही उत्तर मिळणार नाही.

चौथं: उमेदवार वाचा

प्रत्येक उमेदवाराला नमुना 26 मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. ते आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतं. मालमत्ता सगळेच बघतात. तुम्ही प्रलंबित गुन्ह्यांचा तक्ता उघडा आणि तिथे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा किंवा वन्यजीव संरक्षण कायदा ही नावं आहेत का पाहा. गुन्हा नोंदला म्हणजे सिद्ध झाला असं नाही, पण विचारायला जागा होते.

जो आधी आमदार होता त्याचं काम विधानमंडळाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी), अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं), हे तीन शब्द लक्षात ठेवा. पाच वर्षांत त्याने पशुवैद्यांच्या रिक्त पदांवर एक तारांकित प्रश्न विचारला होता का? भाषणं कुठेही करता येतात. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला मात्र मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं.

जाहीरनामे वाचताना "गोवंश", "वन्यजीव", "पशुसंवर्धन" हे शब्द शोधा आणि शब्दापुढे आकडा, पद किंवा मुदत आहे का बघा. नसेल तर पुढे चला.

पाचवं: बैठकीत विचारा

कोकणात प्रचाराच्या मोठ्या सभा तालुक्याच्या गावी होतात, पण मतं फिरतात ती खळ्यात. पंचवीस-तीस माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि उमेदवार दोन हातांवर. तरुण मुलीने उठून विचारायचं म्हणजे सुरुवातीला जीभ जड होते. पहिल्या बैठकीला मी गप्प बसले ते वर लिहिलंच आहे. दुसऱ्या उमेदवाराची बैठक चार दिवसांनी झाली, तेव्हा मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. मी काही बोलायच्या आत आबाच उठले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या गुरांका डॉक्टर कधी गावतलो, ता सांगा."

साहेब गोमातेवर चांगलं बोलले. आमच्या घरीही गाय आहे म्हणाले. मग मी माझी चिठ्ठी वाचली: आमच्या भागात एक डॉक्टर तीन दवाखाने बघतो, रात्री अडलेल्या गाईला कोण? खळं शांत झालं. उमेदवाराने मागे वळून आपल्या माणसाला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. त्याने लिहून मात्र घेतलं. पुढे दोन बायका बोलल्या, त्यांच्याही गाभण म्हशी गेल्या होत्या. गावात हे दुःख इतक्या घरांत आहे आणि कुणी बैठकीत काढत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या अनुभवावरून सांगते. प्रश्न एका दमात म्हणता येईल एवढा लहान ठेवा. आपल्या वाडीतली घडलेली गोष्ट सांगा, मग आकडा सांगा, मग विचारा. "तुम्हाला प्राण्यांबद्दल काय वाटतं?" असं कधीच विचारू नका, कारण सगळ्यांना चांगलंच वाटतं. "निवडून आलात तर पहिल्या अधिवेशनात हा प्रश्न मांडाल का?" असं विचारा. याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. मोठ्या माणसाकडून विचारवून घेता आलं तर उत्तम. गावात आबांच्या वयाच्या माणसाला टाळून पुढे जाणं उमेदवाराला जमत नाही. आणि उत्तर मोबाईलवर टिपून घ्या, पण सांगून.

प्रचारात जनावरं वापरू नयेत असं आयोगाने पक्षांना सांगितलं आहे. बैलगाडीची मिरवणूक, घोडा, पिंजऱ्यातला पोपट, काहीही दिसलं तर आयोगाच्या अॅपवर जागेवरून फोटो किंवा व्हिडिओ टाका. मोकळ्या (कुठल्या पक्षासाठी राखून न ठेवलेल्या) चिन्हांच्या यादीत आयोग आता प्राणी ठेवत नाही तेही प्राण्यांचे हाल टाळण्यासाठीच. जुन्या पक्षांची चिन्हं तेवढी उरली आहेत, जसा बसपचा हत्ती, किंवा शेजारच्या गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह.

सहावं: मतदानाचा दिवस

हे सोपं आहे. मतदार ओळखपत्र न्या. नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी एक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही. बटण दाबल्यावर यंत्राशेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी 7 सेकंद दिसते, ती वाचा. एकही उमेदवार पटला नाही तर नोटा आहे, पण नोटाला कितीही मतं पडली तरी उरलेल्यांत ज्याला जास्त तोच निवडून येतो. मी स्वतः नोटा दाबणार नाही. दोन नावडत्यांतही एखाद्याने पद भरायचं कबूल केलेलं असतं, आणि कबूल केलेल्या माणसाला पुढे गाठता येतं. 85 वर्षांवरच्या आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना नमुना 12-ड भरून घरून मत देता येतं. आबांसारख्यांचा फॉर्म तुम्ही वेळेत भरून द्या.

निकालानंतर

नंबर गोठ्याच्या दाराला लिहून ठेवा: जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962, वन्यप्राणी अडकला तर वनखात्याचा 1926. तक्रार केली की वेळ, तारीख आणि मिळालेलं उत्तर वहीत टिपा.

निवडून आलेल्या आमदाराला, मग तुम्ही मत कुणालाही दिलेलं असो, महिन्याभरात पत्र द्या. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदाची प्रत जोडा. बैठकीत काय कबूल केलं होतं ते तारखेसह लिहा आणि अधिवेशनाचं नाव घालून मागा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत होतं, हिवाळी डिसेंबरच्या सुमारास नागपुरात. प्रश्न बरेच दिवस आधी द्यावे लागतात, म्हणून पत्र अधिवेशनाच्या किमान दीड महिना आधी पोचायला हवं. एक प्रत पशुसंवर्धन मंत्र्यांच्या कार्यालयाला, एक जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांना. जिल्हा नियोजन समितीत पैसे ठरतात आणि तिथे पालकमंत्रीच अध्यक्ष असतात. तिसरी प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला. 2001 च्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. तुमच्या जिल्ह्यात तिची शेवटची बैठक कधी झाली, हेही त्याच पत्रात विचारून टाका. पत्रावर वाडीतल्या गोठेवाल्या घरांच्या सह्या घ्या, आणि कार्यालयात देताना आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय उठू नका.